ताटातला फोन

"कुणी हात लावायचा न्हाई," दिनकर आप्पा म्हणाले, आणि फोन स्टीलच्या ताटात ठेवून ते ताट त्यांनी सतरंजीच्या मधोमध सरकवलं.

ताट शालनबाईंनी दिलं होतं. शालनबाई म्हणजे माझ्या भाचीची, स्वप्नालीची, सासू. बैठकीसाठी त्यांनी ठेवणीतली सतरंजी काढून अंथरली होती आणि असला फोन त्या सतरंजीला टेकलेला त्यांना चालणार नव्हता. ताट चालत होतं. ताट घासता येतं, म्हणाल्या.

आप्पा त्या गावचे माजी सरपंच. भांडणं मिटवायची त्यांना इतकी हौस, की मिटलेलं भांडण दिसलं तरी जरासं उकरून परत मिटवून देत. त्यांच्या उजव्या हाताला बर्गे मास्तर, निवृत्त शिक्षक, इंग्रजी वाचता येतं म्हणून मुद्दाम बोलावलेले. समोर आमचा जावई धैर्यशील. ट्रॅक्टरच्या शोरूमला सेल्समन होता, आणि त्या दिवशीही कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून असा बसला होता, की जाताना आम्हाला एखादा ट्रॅक्टर गळ्यात मारतोय की काय. आमच्या बाजूला भिंतीला टेकून माझी थोरली बहीण, आक्का. तिच्या आडोशाला, पदर पुन्हा पुन्हा सारखा करत, स्वप्नाली. आक्काचा नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, म्हणून मुलीकडून बोलायचं काम माझ्याकडं, मामाकडं.

मी तेव्हा जनावरांच्या बाजारात दलाली करायचो. आमच्यात सौदा तोंडानं होत नाही. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात आणि दर ठरतो. वर तोंडानं बैलाच्या सात पिढ्यांचं कौतुक चाललेलं असतं, ते आजूबाजूच्या रिकामटेकड्यांसाठी. या धंद्यात केस पिकले आणि एक खोड लागली ती लागलीच: समोरचा माणूस बोलायला लागला की माझी नजर त्याच्या हाताकडं जाते.

आमचं मागणं साधं होतं. पोरीला मानानं परत नांदायला घ्या. महिन्याभरापूर्वी धैर्यशीलनं तिला मोटारसायकलवरनं आणून आक्काच्या दारात सोडली होती, अंगावरच्या कपड्यानिशी. तिचा फोन ठेवून घेतला. शर्वरीलाही ठेवून घेतलं, म्हणजे तीन वर्षांच्या लेकीला. "असल्या बाईच्या हातात पोर देणार न्हाई," एवढं बोलून गाडी वळवली. त्यानंतर आक्काच्या फोनवरनं स्वप्नालीनं रोज फोन लावला. शालनबाई उचलायच्या, आवाज ऐकायच्या आणि ठेवायच्या. बैठकीच्या वेळी शर्वरी आतल्या खोलीत होती. मधनंच तिचं काहीतरी पडल्याचा आवाज यायचा आणि स्वप्नालीची मान तिकडं वळायची.

"हं, सांगा आता," आप्पा धैर्यशीलला म्हणाले. "काय हाय ह्या फोनात?"

"ॲप आहे, आप्पा. दोन पाखरांचं चित्र असलेलं. अनोळखी बायका-पुरुष त्यात एकमेकांशी बोलतात."

"काय बोलत्यात?"

"काय पण बोलतात."

"म्हंजे पाऊसपाण्याचं?"

उत्तर शालनबाईंनी आतल्या दारातनं दिलं. "पाऊसपाण्याचं बोलत असते तर ताटात ठेवला असता का?"

आप्पांनी स्वप्नालीकडं बघितलं. "बोल बाई. तुझं काय म्हणणं?"

"मी घातलं नाही ते," स्वप्नाली म्हणाली. "फोनबरोबरच आलंय. खोक्यातनं काढला तेव्हापासनं आहे. कंपनीच घालून देते. काढायला गेलं तर निघत नाही."

एका दमात बोलली. महिनाभर हीच चार वाक्यं ती सगळ्यांना सांगत होती: नवऱ्याला, सासूला, आईला, मला, शेजारणींना. इतक्यांदा सांगून त्यांचा पार पाढा झाला होता, आणि पाढ्यासारखं बोललेलं कुणालाच खरं वाटत नाही. खरं सांगायचं तर आक्कालाही वाटत नव्हतं. ती मला येताना एसटीत हळूच म्हणाली होती, "घातलं असंल रं, चुकून. माफी मागून टाकू."

"असं कसं?" बर्गे मास्तर म्हणाले. "आपण घातल्याशिवाय आत येणार कसं? माझ्या फोनात जे काय आहे ते सगळं मुलानं घातलंय. म्हणून आहे."

"मास्तर," मी म्हणालो, "जरा वाकून बघा बरं, ह्यात आणखी काय काय आहे ते. मोठ्यानं वाचा."

मास्तरांनी चष्मा लावला आणि ताटावर वाकले. "हे क्रिकेटचं दिसतंय. हे पत्त्यांचं. हवामान. हे पण हवामानच. बातम्या, कुठल्या भाषेतल्या कळत नाही. हे शेअर बाजाराचं."

"आमची पोर क्रिकेट खेळती का हो?" मी विचारलं. "आणि शेअर बाजार करती? दुपारची भाकरी झाली की?"

मास्तर हसले. आप्पांच्याही मिशा हलल्या. बाजारात गिऱ्हाईक जरा सैल पडलं की आम्हाला लगेच कळतं. आणखी जरा रेटलं तर बैठक आपली, असं मी धरून चाललो होतो.

"मामा," धैर्यशील शांतपणे म्हणाला, "क्रिकेटपायी कुणाचा संसार मोडत नाही."

झालं. मिशा परत जागच्या जागी गेल्या. पोरगा उगाच सेल्समन झाला नव्हता, हे मला कबूल करावं लागलं.

आप्पांनी तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाले, "हे बघ पोरी. कुणी घातलं, कधी घातलं, ते आता सोड. माणूस चुकतं. तू आमच्यासमोर ते काढून टाक. आत्ता, इथं. विषय संपला. उठायचं, पोरीला उचलून घ्यायचं आणि चुलीला लागायचं. काय रं धैर्यशील?"

"माझी ना नाही," धैर्यशील म्हणाला.

आक्कानं स्वप्नालीला कोपरानं ढोसलं. "ऊठ. काढ जा."

स्वप्नाली पुढं आली, ताटाजवळ गुडघ्यावर बसली आणि तिनं फोन उचलला. आम्ही सगळे वाकून बघत होतो. तिनं पाखरांच्या चित्रावर बोट दाबून धरलं. चित्र जरा मोठं झालं, शेजारी एक चौकोन उघडला, त्यात बारीक अक्षरं आली. ती वाचून तिनं बोट काढलं, परत दाबलं. क्रिकेटवर दाबून बघितलं. परत पाखरांवर आली.

"निघत नाही, आप्पा."

"काढ म्हणतोय न्हवं?"

"काढायचं येतच नाही ह्यात. बंद करायचं पण येत नाही. बघा तुम्ही."

"बघा," दारातनं शालनबाई म्हणाल्या. "चार माणसात बसून सुदा सोडवंना तिला ते."

आक्कानं कपाळाला हात लावला. मला त्या क्षणी त्या फोनचा, तो बनवणाऱ्याचा, आणि विकणाऱ्याचा असा संताप आला की काय सांगू. बैल विकताना आम्ही चार खोट्या गोष्टी बोलत असू, पण घेतलेल्या बैलाबरोबर दोन परकी जनावरं कुणाच्या गोठ्यात बांधून येत नाही, आणि वर ती सोडायची नाहीत असा दम देत नाही.

"आण इकडं," मास्तर म्हणाले. "बायकांना हे जमत नसतं."

त्यांनी फोन घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि पाखरांवर बोट टेकवलं. जरा हलकंच टेकवलं असणार, कारण चित्र मोठं व्हायच्या ऐवजी सगळा पडदाच गुलाबी झाला. मग इंग्रजीचं एक लांबलचक पान आलं. मास्तरांनी ते वाचायला घेतलं आणि दुसऱ्या ओळीला दमले.

"काय म्हणतंय?" आप्पांनी विचारलं.

"परवानगी मागतंय."

"कशाची?"

"काढायचीच असेल."

"मग द्या की."

मास्तरांनी दिली. फोननं परत मागितली. मास्तरांनी परत दिली.

"सारखीच मागतंय हे," मास्तर म्हणाले.

"देत ऱ्हावा. सरकारी कामासारखं दिसतंय. सह्या झाल्याबिगर पुढं सरकायचं न्हाई."

स्वप्नालीनं हात पुढं केला. "मास्तर, थांबा, ते उघडलंय. मी कधी उघडलं नव्हतं ते." पण आप्पांनी तिला हातानंच मागं सारलं. मास्तरांचं बोट टकटक चालू राहिलं. शेवटी पडद्यावर माणसांचे चेहरे यायला लागले, एकाखाली एक, गॉगल लावलेले, केस उभे केलेले. मास्तरांनी चटका बसल्यासारखा फोन ताटात ठेवला.

"झालं?" आप्पा म्हणाले.

"गेलं असावं," मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

शालनबाई चहा घेऊन आल्या. कप वाटले जात होते आणि मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात ताटातला फोन वाजला. चिमणी दोनदा चिवचिवावी तसा आवाज, आणि त्याबरोबर फोन स्टीलवर थरथरला, तो खडखडाट वेगळा. पुन्हा चिवचिव. पुन्हा खडखड. एकामागून एक.

"वाचा," आप्पा म्हणाले.

मास्तर वाकले. त्यांना वाचायचं नव्हतं, पण आता चष्मा पुसून झाला होता. "हाय डिअर," त्यांनी वाचलं. "हा कुणी राकेश आहे. कुठं राहतेस, विचारतोय. हा दुसरा कुणीतरी. फोटो पाठव म्हणतोय."

आक्कानं तोंडात पदर कोंबला. शालनबाईंनी आक्कापुढं धरलेला कप परत ट्रेमध्ये ठेवला. "आता बोला म्हणावं मामाला," त्या म्हणाल्या.

त्या आवाजाला सगळ्यांच्या माना ताटाकडं वळल्या होत्या, हे मी वर सांगितलं नाही, कारण मी माना बघत नव्हतो. पहिली चिवचिव झाली तेव्हा धैर्यशीलचा हात चटकन उठून त्याच्या शर्टाच्या खिशावर गेला. झोपेत माणूस डास मारतो तसा, कुणी न सांगता. दुसऱ्या चिवचिवीला परत निघाला, अर्ध्यात थांबला, आणि मग त्यानं खिशातलं पेन सारखं केलं. पेन सरळच होतं. पेनाशेजारी खिशातून त्याच्या फोनचं टोक वर आलं होतं, निळं, कडेला चंदेरी रेघ. ताटातल्या फोनचा जुळा भाऊ.

मी स्वप्नालीकडं बघितलं. ती ताटाकडं बघत नव्हती. तिची नजर त्या खिशावर होती.

"जावईबापू," मी म्हणालो, "तुमचाबी फोन हाच दिसतोय. एकदमच घेतले का?"

"पाडव्याला," धैर्यशील म्हणाला. "ऑफर होती."

"एकाच दुकानातनं?"

"हो."

"मग तो पण काढा की जरा. त्यात पाखरं नसली तर आमची पोर खोटी. मी स्वतः तिला घेऊन जातो, परत ह्या दाराला येणार नाही."

आक्कानं माझा दंड धरला. स्वप्नाली हळूच म्हणाली, "मामा, नको."

धैर्यशील माझ्याकडं बघत राहिला. किती वेळ, सांगता येणार नाही, पण रुमालाखाली समोरचा बोट बदलायचं का विचार करतो तेवढा. मग तो हसला. छान हसायचा पोरगा. खिशातनं फोन काढला, पडदा उघडून आप्पांच्या डोळ्यांसमोर धरला, हातातनं मात्र सोडला नाही.

"आहे की, आप्पा. हे बघा, पाखरं. फोनबरोबरच आलंय. कंपनीच घालून देते. काढायला गेलं तर निघत नाही."

स्वप्नालीचीच वाक्यं. शब्द न शब्द.

"अस्सं होय," आप्पा म्हणाले.

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "कंपन्या देतात असं. मी पेपरात वाचलंय मागं."

"मग हे आधी सांगायला काय झालं होतं?" आप्पांनी हे कुणाला विचारलं ते त्यांनाही ठाऊक नसावं. "आणि मास्तर, तुमीच ते उघडून ठिवलं म्हणायचं. ते राकेश का फिकेश तुमच्यासाठी आलं जनू."

आता मात्र सगळे खळखळून हसले. मास्तरही हसले, लाजून. महिनाभराचं ओझं एका हिसड्यात उतरलं. शालनबाईंनी ट्रेमधला कप उचलून आक्काच्या हातात दिला, वर "गार झाला असंल, दुसरा आणू का?" म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, दोन्ही पोरं निर्मळ हायत, दोष कंपनीचा, विषय संपला. धैर्यशीलनं फोन खिशात ठेवला, आणि ठेवण्याआधी आवाज बंद करायचं बटण अंगठ्यानं दाबलं. तेही मी बघितलं.

आता त्यातली ती पाखरं उघडून दाखवा, एवढं म्हणायचं बाकी होतं. माझ्या ओठावर आलंही. पण आक्का रडत होती, आनंदानं. आणि आतल्या दारात शर्वरी येऊन उभी होती, केसाला उलटासुलटा रबर लावलेला. तिनं आईला ओळखायला जरा वेळ घेतला, मग धावत येऊन मांडीवर चढली. स्वप्नालीनं तिला दोन्ही हातांनी इतकं आवळलं की पोर कुरकुरली. मी चहा प्यालो.

निघताना शालनबाईंनी आक्काला तांदूळ बांधून दिले. आप्पा मला म्हणाले, "मामा, काय डोकं चालवलं तुमी. आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई, त्याचाबी फोन बघावा म्हणून." मी हात जोडले. आक्का पुढं झाली. स्वप्नाली पोरीला कडेवर घेऊन दारापर्यंत आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला वर उचललं.

"त्याच्या फोनात ते आहे, हे तुला ठाऊक होतं?" मी हळूच विचारलं.

"दिवाळीपासनं."

"मग महिनाभर बोलली का नाहीस? एवढ्यानं सुटली असतीस."

"बैठकीत नवऱ्याचं नाव कशाला काढायचं म्हटलं. त्यांचा काही दोष नव्हताच त्यात." ती शर्वरीच्या केसातला रबर सोडवत होती. "दिवाळीत त्यांचा फोन असाच वाजला होता. मी विचारलं, हे काय आहे हो. म्हणाले, फोनबरोबरच आलंय, कंपनीच घालून देते, निघत नाही. मी माझ्या फोनात बघितलं, तर माझ्यात पण होतं. मला पटलं, मामा."

मी पायात चपला सरकवल्या.

"पुन्हा वाजायला लागला, तेव्हा मी पुन्हा विचारलं. नुसतं विचारलं हो, भांडले नाही. त्याच रात्री त्यांनी माझा फोन हातात घेतला." तिनं रबर नीट बसवला. "तरी पटलेलंच होतं मला. आज त्यांचा हात बघेपर्यंत."

"चल आमच्याबरोबर," मी म्हणालो. "पोरीला घे आणि चल. आक्काला मी सांगतो."

"काय सांगणार?"

"सांगतो काहीतरी."

"आता कुठलं कारण काढून येऊ, मामा? आत्ता तर सगळं मिटलंय."

आतून शालनबाईंनी हाक मारली. "स्वप्नाली, अगं दूध बघ, वर आलंय." महिन्यात पहिल्यांदा त्यांच्या तोंडी तिचं नाव आलं असेल, आणि आवाजही गोड होता. स्वप्नालीनं शर्वरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती आत गेली.

याला आता बरीच वर्षं झाली. शर्वरी हायस्कूलला आहे. स्वप्नाली तिथंच नांदते. सणासुदीला तिघं येतात, धैर्यशील माझ्या पाया पडतो, बाजाराचं विचारतो. घरात सगळे म्हणतात, मामानं संसार वाचवला.

त्या दिवशी आम्ही स्टँडवर आलो तेव्हा एसटी लागायला वेळ होता. आक्का बाकड्यावर बसली, शालनबाईंनी दिलेल्या तांदळाची गाठ तिनं पिशवीत नीट ठेवली, आणि रुमालात गुंडाळून आणलेल्या दशम्या काढल्या. सकाळपासनं तिनं काही खाल्लं नव्हतं. निम्मी दशमी मला दिली.

"दारात काय बोलत होती रं इतका वेळ?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "सावकाश जा, म्हणाली."

"म्हणणारच," आक्का म्हणाली. "समजूतदार हाय पोर." आणि ती खायला लागली.